ऊब म्हणजे पकडून ठेवलेली हवा: थंड पाण्यातल्या डायव्हिंग सुटाची गोष्ट

 

आजचा एपिसोड एका साध्या प्रश्नानं सुरू करूया. समजा पुण्यात नोव्हेंबरची संध्याकाळ आहे, तापमान २० अंश. तुम्ही साध्या टी-शर्टवर टपरीवर चहा पिताय आणि मस्त वाटतंय. आता तेवढ्याच २० अंशांच्या पाण्यात गळ्यापर्यंत जाऊन बसा. थोड्या वेळात दात वाजायला लागतील. तापमान तर तेच आहे, मग फरक कशाचा?

फरक पाण्याचा. स्थिर हवेच्या तुलनेत पाणी साधारण २५ पट जास्त उष्णता वाहून नेतं. हवा अंगातली उष्णता हळूहळू चोरते, पाणी सरळ दरोडा घालतं. आणि आपण अजून २० अंशांबद्दलच बोलतोय. स्कॉटलंडचे तलाव, नॉर्वेचा किनारा, कोरियाचा हिवाळ्यातला समुद्र, इथे पाणी ४ ते १० अंशांच्या घरात असतं. तिथे माणूस पाण्याखाली अर्धा तास, एक तास राहतो तरी कसा? अंगात सूट घालून. तो सूट कसा तयार झाला, आणि तो घालून वावरणं किती कटकटीचं आहे, तीच आजची गोष्ट आहे.

तुमच्यापैकी काही जणांनी तारकर्लीला स्कूबा केलं असेल. तिथे पातळ, अर्ध्या बाह्यांचा सूट मिळतो आणि पाणी इतकं कोमट असतं की तो नसला तरी तासभर चालून जातं. त्यामुळे आपल्याला वाटतं, सूट म्हणजे फोटोत छान दिसायचा कपडा. थंड पाण्यात मात्र डायव्ह किती वेळ चालणार हे बऱ्याचदा सूटच ठरवतो.

पुढचं सगळं समजायला दोन गोष्टी डोक्यात ठेवा.

पहिली गोष्ट: स्वेटर असो, गोधडी असो की डायव्हिंग सूट, ऊब देते ती आत अडकलेली हवा. कापड किंवा रबर फक्त त्या हवेला धरून ठेवतं.

दुसरी गोष्ट: पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे १० मीटरवर दाब दुप्पट आणि ३० मीटरवर चौपट. पृष्ठभागावर एक लिटर असलेली हवा ३० मीटरवर पाव लिटर होते. वर येताना तीच हवा पुन्हा फुगते.

म्हणजे बघा, उबेसाठी हवा हवीच, पण पाण्याखाली तीच सतत आकार बदलते आणि वर तरंगायलाही बघते. सुटाचा सगळा इतिहास या एका भांडणाचा आहे.

तांब्याचं शिरस्त्राण आणि लोकरीचे थर

गोष्ट सुरू होते १८३० च्या दशकात, इंग्लंडमध्ये. जॉन आणि चार्ल्स डीन हे दोन भाऊ तांब्याचं हेल्मेट घालून बुडालेल्या जहाजांवर उतरत होते. वरून पंपानं हवा यायची. पण त्यांचा पोशाख खालून उघडा होता. डायव्हर जास्त वाकला किंवा आडवा पडला की पाणी थेट हेल्मेटमध्ये. मग ऑगस्टस सीब या कारागिरानं हेल्मेट आणि सूट एकमेकांना जोडून पूर्ण बंद पोशाख तयार केला. कापड होतं दोन थरांमध्ये रबर घातलेलं. ही युक्ती चार्ल्स मॅकिंतोशची, १८२३ ची. इंग्लंडमधले लोक आजही रेनकोटला मॅकिंतोश म्हणतात, ते याच्यावरूनच.

१७८२ मध्ये स्पिटहेडला बुडालेल्या 'रॉयल जॉर्ज' या युद्धनौकेवर १८३९ पासून ब्रिटिश सैन्यानं मोठी मोहीम काढली. तिथे हा बंद पोशाख कसाला लागला आणि पास झाला. डायव्हर कोरडा राहायचा. आत लोकरीच्या कपड्यांचे थर, डोक्याला लोकरीची टोपी. अनेकदा ती लाल असायची. जाक कुस्तोची प्रसिद्ध लाल टोपी आठवते? ती याच जुन्या डायव्हरांची आठवण मानली जाते.

थंडी आटोक्यात आली. पण आता माणूस हवेनं भरलेल्या पिशवीत बसला होता, आणि ती पिशवी बिघडण्याचे दोन प्रकार होते.

एक, हवेची नळी वरच्या बाजूला फुटली तर. सुटातली हवा नळीवाटे वर निघून जाते आणि बाहेरच्या पाण्याचा दाब सगळं शरीर एकाच मोकळ्या जागेकडे, म्हणजे हेल्मेटकडे ढकलतो. याला 'स्क्वीझ' म्हणतात. त्याचं वर्णन इथे करत नाही, जेवताना ऐकणारे पण आहेत. पुढे हेल्मेटला एकाच दिशेनं हवा जाऊ देणारा व्हॉल्व्ह बसवला गेला, तो याच भीतीपोटी.

दोन, हवा जास्त झाली तर. सूट फुग्यासारखा टम्म फुगतो, हात आडवे ताठ होतात, व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाहीत, आणि माणूस रॉकेटसारखा वर जातो. पायांत हवा शिरली तर आणखी वाईट, कारण मग तो उलटा होऊन वर जातो. म्हणून पायांत दोन्ही मिळून पंधराएक किलोचे शिशाच्या तळाचे बूट, आणि पोटऱ्यांच्या मागे घट्ट दोऱ्या बांधून पायातली जागा कमी करायची. त्या जुन्या फोटोंतले अवजड बूट तळाशी नीट चालण्यासाठी होते, आणि पाय खाली राहावेत यासाठीही.

'क्लॅमी डेथ'

आता शंभर वर्षं पुढे उडी मारूया, दुसऱ्या महायुद्धात. डिसेंबर १९४१. इजिप्तमधलं अलेक्झांड्रिया बंदर. सहा इटालियन फ्रॉगमन तीन मानवचलित टॉर्पेडोंवर बसून रात्री बंदरात शिरले आणि 'क्वीन एलिझाबेथ' व 'व्हॅलियंट' या दोन ब्रिटिश युद्धनौका निकामी करून टाकल्या. फक्त सहा माणसं! ब्रिटिशांना धक्का बसला आणि त्यांनीही तसंच वाहन बनवायला घेतलं. नाव ठेवलं चॅरियट.

पण भूमध्य समुद्र वेगळा आणि जिथे ब्रिटिश सराव करत होते ते स्कॉटलंडचं पाणी वेगळं. चॅरियटवर माणसाला थंड पाण्यात तासन् तास बसून राहायचं होतं. बसून म्हणजे हालचाल नाही, आणि हालचाल नाही म्हणजे अंगात उष्णता तयार होत नाही.

त्यांच्यासाठी जो रबरी सूट आला तो कमांडर जेफ्री स्लेडन यांच्या नावानं ओळखला जातो. पोटावर बोगद्यासारखं एक तोंड होतं. त्यातून आत शिरायचं आणि मग ते तोंड घड्या घालून क्लॅम्पनं बंद करायचं. एकट्यानं घालणं अशक्य. आत घाम साचायचा, बाहेरून गारठा यायचा, रबर अंगाला चिकटायचं. तो घालणाऱ्या पोरांनी त्याचं नाव ठेवलं 'क्लॅमी डेथ'. मराठीत सांगायचं तर ओलंचिंब, गारढोण मरण.

सगळ्यात मोठी अडचण हातांची होती. स्फोटकं बसवायची, जाळी कापायची, तर बोटं मोकळी हवीत. म्हणून हात उघडे असायचे. पण थंड पाण्यात बोटं आधी बधिर होतात, मग आज्ञाच पाळत नाहीत. जहाजाच्या तळाला चिकटलेल्या धारदार शिंपल्यांनी हात कापले तरी त्या वेळी कळायचं नाही. ही अडचण आजही सुटलेली नाही. जाड हातमोजा घातला तर बकल लागत नाही, पातळ घातला तर दहा मिनिटांत बोटं जातात. थंड पाण्यातला प्रत्येक डायव्हर या दोघांच्या मधेच कुठेतरी अडकलेला असतो.

आणि या कोरड्या रबरी सुटांची खरी मेख वेगळीच होती. कुठेतरी एक छोटं भोक पडलं की खेळ खलास. आतले कपडे भिजले, हवा गेली, ऊब गेली.

एका भौतिकशास्त्रज्ञाचा उलटा विचार

इथे आपल्या गोष्टीत येतो ह्यू ब्रॅडनर. हा काही डायव्हिंग कंपनीचा माणूस नव्हता. भौतिकशास्त्रज्ञ होता. युद्धाच्या काळात लॉस अलामोसला, अणुबॉम्बच्या प्रकल्पावर होता. नंतर कॅलिफोर्निया विद्यापीठात बर्कलीला आला. डायव्हिंगची आवड होती आणि अमेरिकी नौदलाच्या फ्रॉगमनना थंडीचा काय त्रास होतो हे त्याला माहीत होतं.

तोवर सगळे एकच प्रश्न विचारत होते: पाणी आत येऊ नये म्हणून काय करायचं? ब्रॅडनरनं १९५१ च्या आसपास म्हटलं, येऊ दे की पाणी आत! माणूस कोरडा असण्याची गरजच नाही. हवा सुटाच्या आत मोकळी ठेवण्याऐवजी ती रबराच्या पोटातच भरून ठेवा, हजारो बारीक बंद बुडबुड्यांमध्ये. मग सूट फाटला तरी एका जागी थोडं पाणी येईल, पण बाकीचे बुडबुडे शाबूत राहतील.

यासाठी माल मिळाला तो निओप्रीनचा फोम. निओप्रीन हे कृत्रिम रबर ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३० मध्ये तयार झालं होतं. फोमच्या स्वरूपात त्यात वायूचे बुडबुडे अडकवता येत. असा जन्मला वेटसूट.

इथे एक गैरसमज काढून टाकूया, कारण तो मी सुद्धा कितीतरी वेळा ऐकलाय. "सुटात शिरलेलं पाणी अंगाच्या उष्णतेनं गरम होतं आणि ते आपल्याला ऊब देतं." नाही. ऊब देतात बुडबुडे. आतलं पाणी ही फक्त सहन करायची गोष्ट आहे. ते जितकं कमी आणि जितकं स्थिर, तितकं बरं. म्हणूनच वेटसूट अगदी घट्ट लागतो. ढगळ असेल तर प्रत्येक हालचालीला जुनं पाणी बाहेर, नवं गार पाणी आत, आणि ते गरम करायचं बिल तुमच्या शरीराला.

ब्रॅडनरनं सहकाऱ्यांबरोबर एडको नावाची छोटी कंपनी काढून सूट विकायचा प्रयत्न केला, पण त्यातून त्याला पैसा मिळाला नाही. पेटंटही हाती लागलं नाही. नौदलाला शंका होती की रबरातल्या बुडबुड्यांमुळे डायव्हर शत्रूच्या सोनारवर दिसेल. त्याच काळात सॅन फ्रान्सिस्कोत जॅक ओ'नील सर्फिंगसाठी असे सूट विकायला लागला, आणि दक्षिण कॅलिफोर्नियात बॉब व बिल माइस्ट्रेल हे जुळे भाऊही. पुढे कित्येक वर्षं वाद चालला की पहिला कोण. शेवटी स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेनं जुना पत्रव्यवहार तपासला आणि श्रेय ब्रॅडनरकडे गेलं. ब्रॅडनर २००८ मध्ये वारला. समुद्रकिनाऱ्यावर दिसणाऱ्या प्रत्येक काळ्या रबरी सुटात त्याची कल्पना आहे, पण त्याचं नाव किती जणांना माहितीये?

सुरुवातीच्या सुटांना आतून अस्तर नव्हतं. नुसतं रबर कातडीला चिकटायचं. म्हणून आधी अंगभर टाल्कम पावडर फासायची, मग हळूहळू सूट वर ओढायचा, आणि नख लागलं की टरर्कन फाटायचा. नायलॉनचं अस्तर नंतर आलं. तरीही ७ मिलीमीटरचा जाड सूट चढवणं म्हणजे आजही कुस्तीच असते. पाण्यात उतरायच्या आधीच माणूस घामाघूम.

पण मी मघाशी सांगितलेलं भांडण आठवतंय ना? दाब वाढला की हवा आक्रसते. बुडबुडे रबरात असले म्हणून सुटका नाही. ३० मीटरवर ७ मिलीमीटरचा सूट चेपून जवळपास निम्मा होतो. आणि तलावात साधारण खोल जाल तसं पाणी आणखी गार. म्हणजे जिथे सुटाची गरज सगळ्यात जास्त, तिथेच तो सगळ्यात पातळ.

आता वजनाचं गणित बघा. वर असताना बुडबुड्यांमुळे सूट तरंगतो, म्हणून खाली जायला कमरेला आठ-दहा किलो शिसं बांधायचं. खाली गेल्यावर सूट चेपतो, तरंगणं कमी होतं, पण शिसं तेवढंच राहतं. आता तुम्ही दगडासारखे खाली जायला लागता, म्हणून जॅकेटमध्ये हवा भरायची. वर येताना सूट पुन्हा फुगतो, जॅकेटमधली हवाही फुगते, म्हणून ती वेळेवर सोडायची. नाही सोडली तर वेगानं वर, आणि वेगानं वर येणं डायव्हरसाठी जीवघेणं ठरू शकतं. बाहेरून शांत दिसणारा डायव्हर आत सतत हा हिशेब करत असतो.

कोरडा सूट परत येतो

१९६० च्या दशकात स्वीडनच्या पोसायडन कंपनीनं युनिसूट आणला आणि कोरडा सूट नव्या रूपात परतला. आता त्याला हवाबंद चेन होती, वैमानिकांच्या आणि अवकाशवीरांच्या प्रेशर सुटांच्या धर्तीवरची. आणि छातीवर एक बटण. बटण दाबलं की सिलिंडरमधली थोडी हवा सुटात. खाली जाताना हवा आक्रसली तर भर घालायची, वर येताना सोडून द्यायची. ड्रायसूट आजही याच तत्त्वावर चालतो.

मी स्वतः ड्रायसूट पहिल्यांदा घातला तो इंग्लंडमध्ये शिकत असताना. लेस्टरशरमधली पाण्यानं भरलेली एक जुनी दगडाची खाण, मार्च महिना, पाणी ६ अंश. आधी थर्मल, त्यावर गोधडीसारखा जाड आतला सूट, मग बाहेरचा. गळ्याला आणि मनगटाला पातळ रबराच्या पट्ट्या. त्या सैल असतील तर पाणी आत, आणि गळ्याची फार घट्ट असेल तर चक्कर येते. डोकं त्या पट्टीतून बाहेर काढताना मला वाटलं, जन्म घेताना असंच वाटत असेल. मग शिकवणाऱ्या बाईंनी मला उकिडवं बसवलं आणि गळ्यापाशी दोन बोटं घालून आतली जास्तीची हवा फुस्सकन बाहेर काढली.

खाली गेल्यावर सहा-सात मीटरवर सूट सगळीकडून चिमटे काढायला लागला. तीच ती जुनी स्क्वीझ, लहान रूपात. बटण दाबलं, बरं वाटलं. त्यानंतर बाईंनी मुद्दाम माझे पाय वर करायला लावले. हवा सरसर बुटांकडे गेली आणि मी वटवाघळासारखा उलटा. यातून सुटायची पद्धत ठरलेली आहे. गुडघे पोटाशी घ्यायचे, कोलांटी मारायची, सरळ व्हायचं आणि डाव्या दंडावरच्या व्हॉल्व्हमधून हवा सोडायची. बाईंनी हे तीनदा करून घेतलं. १८४० च्या डायव्हरच्या पायात शिशाचे बूट का होते, हे मला त्या कोलांटीत समजलं.

आणि हो, ज्याबद्दल कुणी बोलत नाही ती गोष्ट. थंड पाण्यात शू फार लागते. हे मनाचे खेळ नाहीत. पाण्याचा दाब आणि थंडी हातापायांतलं रक्त छातीकडे ढकलतात, शरीराला वाटतं अंगात पाणी जास्त झालंय, आणि मूत्रपिंडं कामाला लागतात. वेटसूटमध्ये लोक काय करतात ते विचारू नका. ड्रायसूटमध्ये मात्र प्रश्न गंभीर आहे. कुणी डायपर घालतं, कुणी सुटाला खास नळी बसवून घेतं. काही जण यावर उपाय म्हणून पाणीच पीत नाहीत, आणि तो सगळ्यात वाईट उपाय आहे, कारण शरीर कोरडं पडलं की वर येताना होणाऱ्या डीकम्प्रेशनच्या आजाराचा धोका वाढतो.

हसण्यावारी नेऊ नका, म्हणून एक खरी घटना सांगतो. काही वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका थंड तलावात एक अठरा वर्षांची विद्यार्थिनी ड्रायसूट घालून प्रशिक्षणासाठी उतरली. सुटात हवा भरणारी नळी जोडलेलीच नव्हती, आणि अंगावर शिसं मात्र भरपूर होतं. ती खाली जात गेली, सूट आवळत गेला, आणि बटण दाबून काही होणार नव्हतं. ती वाचली नाही. जवळपास दोनशे वर्षांपूर्वी जी गोष्ट डायव्हरांना मारत होती, तीच. सूट आधुनिक होता, पण हवेचा नियम बदललेला नाही.

गरम पाण्याची नळी

आतापर्यंत आपण हवेनं ऊब मिळवत होतो. पण १९७० च्या दशकात नॉर्थ सीमध्ये तेल काढायला सुरुवात झाली, आणि शंभर-दीडशे मीटर खोल तासन् तास वेल्डिंग, दुरुस्ती करायला माणसं लागली. इतक्या खोलीवर साधी हवा श्वासात चालत नाही, हेलियम मिसळावा लागतो. आणि हेलियम हवेच्या जवळपास सहापट उष्णता वाहून नेतो. म्हणजे नुसत्या श्वासातूनही शरीर गार पडतं. इथे कुठलाच जाड कपडा पुरत नाही.

उपाय अगदी घरगुती वाटावा असा: वरच्या जहाजावर पाणी गरम करायचं आणि नळीतून थेट डायव्हरच्या सुटात सोडायचं. सतत. आत गरम पाणी येतं, बाहेर निघून जातं. बाहेर ४ अंश आणि आत अंघोळीचं पाणी.

पण मग माणसाचा जीव त्या नळीला टांगलेला. ऑगस्ट १९७९ मध्ये थिसल तेलक्षेत्रात 'वाइल्ड्रेक' जहाजावरून सोडलेली डायव्हिंग बेल मुख्य दोरापासून तुटली. आतले दोन डायव्हर बुडाले नाहीत. ते थंडीनं गेले.

आणि याच नॉर्थ सीमध्ये सप्टेंबर २०१२ ला अगदी उलट घडलं. क्रिस लेमन्स या डायव्हरची नळी तुटली. श्वास गेला, गरम पाणी गेलं, दिवा गेला. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये काही मिनिटांपुरताच वायू होता. साथीदार परत पोचेपर्यंत अर्ध्या तासाच्या आसपास तो श्वासाविना होता. तरी वाचला, आणि पुन्हा कामावर गेला. का वाचला? शरीरात साठलेला जास्तीचा ऑक्सिजन हे एक कारण सांगतात, आणि दुसरं कारण सांगतात ती थंडी. गार पडलेल्या मेंदूला ऑक्सिजन कमी लागतो.

सूट आला आणि शरीर विसरलं

आता शेवटची गोष्ट, जिच्यासाठी मला हा एपिसोड करावासा वाटला. यात सिलिंडर नाही, स्कूबा नाही. आहेत फक्त बायका आणि समुद्र.

दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर हेन्यो नावाच्या बायका श्वास रोखून समुद्रात बुडी मारतात आणि शंख, अबालोनी, समुद्री शेवाळ काढून आणतात. घर त्यांच्या कमाईवर चालतं. त्यांच्यात साठी-सत्तरीच्या आज्यासुद्धा आहेत. १९७० च्या दशकापर्यंत त्यांचा 'सूट' म्हणजे मुलसोजुंगी, साधा सुती कपडा. थेट हिवाळ्यात, १० अंशांच्या पाण्यात! उन्हाळ्यात जास्त वेळ, पण हिवाळ्यात एका खेपेला फार तर अर्धा तास. मग बाहेर येऊन किनाऱ्यावरच्या दगडी आडोशात, बुलतोकमध्ये, शेकोटीभोवती बसायचं. अंग शेकायचं आणि पुन्हा पाण्यात. बुलतोक म्हणजे त्यांची कचेरी, चावडी आणि शाळा. कोणी कुठे बुडी मारायची, नव्या पोरीनं काय शिकायचं, सगळं तिथे ठरायचं.

१९६० च्या दशकात सुक की होंग, हर्मन राह्न आणि त्यांचे सहकारी या कोरियन बायकांचा अभ्यास करत होते. त्यांना दिसलं, की हिवाळ्यात या बायकांचं शरीर विश्रांतीतसुद्धा जास्त इंधन जाळतं, उन्हाळ्यापेक्षा जवळपास ३० टक्के जास्त. शेजारच्याच, समुद्रात न जाणाऱ्या बायकांमध्ये हा बदल नव्हता. म्हणजे वर्षानुवर्षं गारठा सोसून या बायकांच्या शरीरानं स्वतःचा एक सूट तयार केला होता.

मग १९७० च्या दशकात वेटसूट आला. आणि काही वर्षांतच, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, संशोधकांनी पुन्हा मोजलं तेव्हा ती शक्ती गेलेली होती. शरीरानं ओळखलं की आता गरज नाही, आणि सोडून दिलं.

हे वाईट झालं का? त्या बायकांना विचारलं तर त्या हसतील. गारठ्यात कुडकुडण्यात कसली आलीये मर्दुमकी! सुटानं त्यांना चार-पाच तास पाण्यात राहता आलं, कमाई वाढली.

पण पूर्वी थंडी एक काम गुपचूप करत होती: ती बाईला वेळेवर पाण्याबाहेर काढत होती. आता ती राहिली नाही. जास्त तास म्हणजे जास्त बुड्या, जास्त डोकेदुखी, कमरेला शिसं आणि बुडीआधी डोकेदुखीचं औषध. आणि समुद्राचं काय? सगळ्या जणी पाच तास बुड्या मारू लागल्या तर शंख उरणार किती? म्हणून मासेमारीच्या ग्रामसंस्थांनी जे आधीही होतं ते आणखी घट्ट धरलं: कोणत्या दिवशी बुडी, किती वेळ, किती मोठ्या शंखाला हात लावायचा. सिलिंडर तर नाहीच. जपानमध्ये हेच काम करणाऱ्या आमा बायकांच्या काही गावांनी वेटसूटवरच निर्बंध घातले होते. थंडी जो नियम फुकटात पाळायला लावत होती, तो आता माणसांना बसून ठरवावा लागला.

२०१६ मध्ये युनेस्कोनं हेन्यो परंपरेला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. १९६० च्या दशकाच्या मध्यावर जेजूवर २० हजारांहून जास्त हेन्यो होत्या. ५० वर्षांनी साडेचार हजारांच्या आत आल्या. याला कारण सूट नाही, पोरींना शहरात नोकऱ्या मिळाल्या हे आहे. पण सुटामुळे म्हाताऱ्या बायकांना काम चालू ठेवता आलं, हेही तितकंच खरं. बुलतोकच्या जागी आता बहुतेक ठिकाणी गरम पाण्याचे शॉवर असलेल्या खोल्या आहेत.

तर मंडळी, तांब्याच्या हेल्मेटपासून जेजूच्या आज्यांपर्यंत एकच गोष्ट दिसते. सुटानं थंडी जिंकली जात नाही, आपल्याला फक्त थोडा जास्त वेळ मिळतो. त्या वेळेत आपण काय करतो, बटण तपासतो का, हवा वेळेवर सोडतो का, शंख किती काढतो, हे सूट ठरवत नाही. ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

आणि पुढेमागे कुठे थंड पाण्यात उतरायची संधी मिळाली, तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. उतरण्याआधी सुटाची नळी जोडलीये का ते स्वतःच्या हातानं ओढून बघा. आणि पाणी पिऊन घ्या, शूची काळजी नंतर.